पेम्फिगससाठी रिटुक्सिमॅब सुचवलंय? सोलापुरातल्या नव्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

"तोंड आलंय, उष्णता झाली असेल." पेम्फिगसची सुरुवात बहुतेक घरांत या वाक्याने होते. मग ताक होतं, सब्जा होतो, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या होतात. हिरड्यांवर, गालाच्या आतून, टाळूला जखमा होतात आणि त्या भरत नाहीत. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पाठीवर, छातीवर, डोक्यात पाण्याचे फोड येतात. ते लगेच फुटतात आणि खाली भाजल्यासारखी लालभडक कातडी दिसते. शेजारीपाजारी नागीण म्हणतात आणि कुणीतरी गेरूचा लेप लावून देतं.

आमच्या सासूबाईंना हा आजार झाला तेव्हा त्या घरी बिड्या वळायच्या. बोटांवर फोड आले आणि पान धरता येईना. त्यांच्यासोबत सिव्हिल, खाजगी दवाखाने, लॅब, औषधांची दुकानं असं सगळं फिरताना जे कळलं, ते नव्याने या वाटेवर आलेल्यांना एका जागी मिळावं म्हणून लिहिते आहे. डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं आणि घरी काय सांभाळायचं, एवढंच इथे आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच होतो. रिटुक्सिमॅब हे औषध सलाईनमधून शिरेत देतात. या उपचारात सलाईन लावण्याचे दिवस थोडे असतात. त्याच्या आधीचे काही आठवडे आणि नंतरचे अनेक महिने हाच खरा उपचार आहे. "एवढं महाग इंजेक्शन घेतलं, आता झालं" असं समजून नंतरची काळजी सोडली की त्रास होतो.

आधी आजाराचं नाव पक्कं करा

फोड येणारा प्रत्येक आजार पेम्फिगस नसतो. नागीण अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखी उठते, ठणकते आणि दोन-चार आठवड्यांत सुकते. पेम्फिगसचे फोड दोन्ही बाजूंना, कुठेही येतात आणि आपोआप थांबत नाहीत.

आपल्या कातडीतल्या पेशी एकमेकींना डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनांनी चिकटलेल्या असतात. पेम्फिगसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती याच प्रथिनांना शत्रू समजून त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे हल्ला करणारी प्रथिनं, तयार करते. जोड सुटतात, पेशी वेगळ्या होतात, मधे पाणी भरतं. डेस्मोग्लीन ३ वर हल्ला झाला की तोंडात जखमा होतात आणि डेस्मोग्लीन १ वर झाला की अंगावर. म्हणून काहींना फक्त तोंडात, तर काहींना दोन्हीकडे त्रास होतो. पेम्फिगस व्हल्गॅरिस हा आपल्याकडे नेहमी दिसणारा प्रकार. पेम्फिगस फोलिएशियस या प्रकारात तोंड मोकळं राहतं आणि अंगावर वरवरचे पापुद्रे निघतात.

बुलस पेम्फिगॉइड हा नावाने भाऊ वाटणारा पण वेगळा आजार आहे. तो बहुतेक वेळा म्हाताऱ्या माणसांना होतो. फोड टणक, ताणलेले असतात, लवकर फुटत नाहीत आणि खाज फार येते. घरात साखरेचा रुग्ण असेल तर इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. मधुमेहाच्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या, त्यातही विल्डाग्लिप्टिन, काही जणांत हा आजार सुरू करतात असं अभ्यासांत दिसलेलं आहे. स्किनच्या डॉक्टरांकडे जाताना साखरेच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. मात्र आपल्या मनाने गोळी बंद करू नका, ती डॉक्टरांना बदलू द्या. बुलस पेम्फिगॉइडचा उपचार वेगळ्या क्रमाने चालतो. त्यात तीव्र स्टेरॉइडचं मलमसुद्धा मोठं काम करतं, आणि २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेत ड्युपिलुमॅब या बायोलॉजिक इंजेक्शनला त्यासाठी मान्यता मिळाली. या लेखात पुढे जे आहे ते मुख्यतः पेम्फिगसबद्दल आहे.

निदानासाठी बायोप्सी लागते. नाव ऐकून घरचे घाबरतात, कारण आपल्याकडे बायोप्सी म्हटलं की कॅन्सरच आठवतो. इथे भूल देऊन कातडीचा डाळीएवढा तुकडा काढतात आणि एखादा टाका घालतात. सहसा दोन तुकडे घेतात. एक ताज्या फोडाच्या कडेचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला. दुसरा फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा, इम्युनोफ्लुरोसन्स तपासणीसाठी, म्हणजे कातडीत चिकटलेल्या अँटिबॉडीची खूण शोधायला. "चांगल्या कातडीला का टोचता?" असं विचारून अडवू नका. फोडाच्या जागी ती खूण मोडून गेलेली असते, शेजारी ती शाबूत सापडते. हा दुसरा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला तर तपासणी वाया जाते. त्याला वेगळं द्रावण लागतं. नमुना बाहेरगावच्या लॅबला तुम्ही स्वतः नेणार असाल तर कुठली बाटली कशासाठी हे नीट लिहून घ्या. रक्तातून डेस्मोग्लीन १ आणि ३ च्या अँटिबॉडी मोजायची एलायझा तपासणीही असते. ती सुरुवातीला झाली असेल तर पुढे आजार किती उतरला ते पाहायला आकडा हाताशी राहतो.

हा आजार संसर्गजन्य नाही. ताटवाटी वेगळी करायची गरज नाही, नातवंडांना लांब ठेवायचं कारण नाही. कुणाच्या नजरेने किंवा कोपाने तो होत नाही. हे घरातल्या थोरांसमोर डॉक्टरांच्या तोंडून एकदा वदवून घ्या. आपण सांगून पटत नाही ते डॉक्टरांनी सांगितलं की पटतं.

रिटुक्सिमॅब काय करतं

स्टेरॉइड यायच्या आधी, म्हणजे १९५० च्या आधी, पेम्फिगस झालेली बहुतेक माणसं दगावत. स्टेरॉइडने जीव वाचू लागले, पण मोठे डोस दीर्घकाळ घेतल्याने साखर, रक्तदाब, ठिसूळ हाडं, मोतीबिंदू असे त्रास मागे लागले. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी डेक्सामेथासोन-सायक्लोफॉस्फामाइड पल्स ही पद्धत आणली. दर २८ दिवसांनी सलग तीन दिवस १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन शिरेतून आणि एक दिवस सायक्लोफॉस्फामाइड. भारतातल्या हजारो रुग्णांना तिने हात दिला. जुने रुग्ण "मला पल्स चालू होतं" म्हणतात ते हेच. सायक्लोफॉस्फामाइडचा मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे तरुण मुलामुलींच्या बाबतीत हा प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावा. लग्न व्हायचंय म्हणून संकोच करू नका, म्हणून तर विचारायचं.

रिटुक्सिमॅब मूळचं रक्ताच्या एका कॅन्सरसाठी, लिम्फोमासाठी आलं. अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्यामुळे सलाईन लावायला गेलात आणि शेजारच्या खाटेवर कॅन्सरचा रुग्ण दिसला तर दचकू नका. पेम्फिगस कॅन्सर नाही, औषध तेवढं एक आहे. हे औषध सीडी २० ही खूण असलेल्या बी पेशींना, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींना, पकडून संपवतं. अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशी या बी पेशींपासूनच घडतात, म्हणजे घाव मुळाजवळ पडतो. पण आधीच तयार झालेल्या अँटिबॉडी रक्तात काही आठवडे राहतातच. म्हणून सलाईन लावल्यावर दुसऱ्या दिवशी फोड बसत नाहीत. फरक दिसायला साधारण एक ते तीन महिने लागतात. या काळात आजार स्टेरॉइडच्या गोळ्यांनी धरून ठेवायचा असतो.

फ्रान्समध्ये ९० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीलाच रिटुक्सिमॅब आणि सोबत थोड्या काळापुरतं स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ८९ टक्के लोक दोन वर्षांनी आजारमुक्त होते आणि गोळ्याही बंद झालेल्या होत्या. फक्त स्टेरॉइड घेतलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होतं. पुढच्याच वर्षी, २०१८ च्या जूनमध्ये, अमेरिकेत मध्यम ते तीव्र पेम्फिगस व्हल्गॅरिससाठी त्याला मान्यता मिळाली. "सगळं करून झाल्यावर शेवटी बघू" असं पूर्वी म्हणायचे. आता बरेच डॉक्टर सुरुवातीलाच विचार करतात तो यामुळे.

सलाईनच्या आधीचे आठवडे

डॉक्टर तपासण्यांची लांबलचक यादी हातात देतात आणि घरी कुणीतरी म्हणतं, "पैसे काढायचे धंदे." इथे थांबून समजून घ्या, कारण या यादीतली एक तपासणी जीव वाचवणारी आहे.

ती म्हणजे हिपॅटायटिस बी. काहींना लहानपणी किंवा कधीतरी ही कावीळ होऊन गेलेली असते आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. विषाणू यकृतात झोपून असतो. रिटुक्सिमॅबने प्रतिकारशक्ती दबली की तो उठतो आणि यकृत निकामी करू शकतो. या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापलेल्या इशाऱ्यांपैकी हा एक आहे. नेहमीच्या ऑपरेशनआधी होते ती एचबीएसएजी तपासणी यासाठी पुरत नाही. तिच्यासोबत अँटी-एचबीसी टोटल नावाचीही लागते, कारण जुना, झोपलेला संसर्ग तीच दाखवते. तुमच्या कागदावर दोन्ही नावं आहेत का ते बघा. नसतील तर विचारा, "डॉक्टर, अँटी-एचबीसी करायचीय का?" तपासणी पॉझिटिव्ह आली तरी दार बंद होत नाही. विषाणूविरोधी गोळ्या आधी सुरू करून औषध देता येतं. त्या गोळ्या रिटुक्सिमॅब संपल्यावरही किमान वर्षभर चालू ठेवाव्या लागतात.

बाकी यादीत हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, रक्ताची संपूर्ण मोजणी, यकृत-मूत्रपिंड, साखर, छातीचा एक्स-रे, क्षयाची चाचणी, हृदयासाठी ईसीजी किंवा टू-डी इको असतं. काही डॉक्टर रक्तातली इम्युनोग्लोब्युलिनची पातळीही बघतात. घरात किंवा मागावर सोबत काम करणाऱ्यांत कुणाला टीबी झालेला असेल तर ते न विचारताच सांगा. शहराच्या पूर्व भागातल्या एका खोलीच्या घरांत माणसं जवळजवळ राहतात, तिथे ही माहिती लपवली तर नुकसान रुग्णाचंच आहे.

लशींचा विषय आपल्याकडे मागे पडतो. न्यूमोनियाची, फ्लूची, हिपॅटायटिस बीची लस घ्यायची असेल तर ती सलाईनच्या किमान चार आठवडे आधी घेतलेली चांगली, कारण नंतर बरेच महिने शरीर लशीला नीट प्रतिसाद देत नाही. आजार जोरात असेल तर तेवढं थांबता येत नाही, तो निर्णय डॉक्टर घेतील. जिवंत विषाणूंच्या लशी मात्र या काळात रुग्णाला चालत नाहीत. घरात पोलिओचे थेंब घेणारं तान्हं बाळ असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

दातांचं काम राहिलं असेल तर तेही आधी दाखवून घ्या. किडका दात आणि दबलेली प्रतिकारशक्ती यांचं जमत नाही.

आणि बाळंतपणाच्या वयातल्या बाईसाठी: सलाईनच्या आधी गर्भधारणा नसल्याची खात्री करतात, आणि शेवटच्या डोसनंतर १२ महिने दिवस जाऊ न देण्याची काळजी घ्यावी लागते. हे सासूसमोर बोलता येत नसेल तर डॉक्टरांना एकटीने भेटा.

पैशांचं गणित

साधारण दोन पद्धती आहेत. एकीत १००० मिलिग्रॅमचे दोन डोस, दोन आठवड्यांच्या अंतराने. दुसरीत शरीराच्या आकारमानानुसार आठवड्याला एक असे चार डोस. पेम्फिगसला पहिली पद्धत अधिक वापरतात. औषध १०० आणि ५०० मिलिग्रॅमच्या बाटल्यांत येतं, म्हणजे एका वेळी ५०० च्या दोन बाटल्या.

मूळ कंपनीच्या औषधासारखीच बनवलेली बायोसिमिलर औषधं भारतात मिळतात. डॉ. रेड्डीजने रेडिटक्स २००७ मध्ये बाजारात आणलं, त्यानंतर आणखी कंपन्या आल्या. त्यामुळे किंमत पूर्वीपेक्षा खाली आली आहे. छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारी किंमत यांत बऱ्याचदा मोठं अंतर असतं. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि त्यांना चालणारे दोन-तीन ब्रँड लिहून घ्या आणि दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. त्यात लाज कसली? भाजी घेतानाही आपण विचारतोच. पहिला डोस एका ब्रँडचा घेतला तर दुसरा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. त्याला जोडलेलं श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वसाधारण रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. तिथल्या त्वचारोग विभागात केसपेपर काढून सुरुवात करता येते. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याहून येणार असाल तर पहिल्या एसटीने या आणि जुने सगळे कागद आणा. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेसाठी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि डॉक्टरांचं निदान दाखवून, "हा आजार आणि हे औषध पॅकेजमध्ये बसतं का?" असं नेमकं विचारा. मोघम "योजना लागू होते का" विचारलं तर उत्तरही मोघम येतं. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथे उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसीलमधून आधीच काढून ठेवा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही करून पाहण्यासारखा आहे.

आरोग्य विमा असेल तर हे लक्षात ठेवा: इंजेक्शनने दिली जाणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी ही विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांतल्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहे. रिटुक्सिमॅब त्यातच येतं. कंपनीने रकमेला मर्यादा घातलेली असू शकते, म्हणून आधीच लेखी विचारून पूर्वपरवानगी घ्या.

बाटली आणण्यापासून सलाईन संपेपर्यंत

हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा ४० च्या वर असताना, पिशवीत टाकून रिक्षाने फिरवायची ही वस्तू नाही. दुकानदाराकडून थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पॅकसह घ्या. पॅक आणि बाटली यांच्या मधे कागद किंवा कापड हवं, कारण गोठलेलं औषधही निकामी होतं. घरी ठेवायची वेळ आली तर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही आणि दारातही नाही. हलवू नका. शक्य असेल तर ज्या दिवशी सलाईन त्याच दिवशी आणा आणि थेट सिस्टरच्या हातात द्या. बिलावर बॅच नंबर आहे का पाहा आणि रिकामं खोकं फायलीत ठेवा.

त्या दिवशी सकाळी हलकं खाऊन जा. रक्तदाबाची गोळी घेत असाल तर ती त्या सकाळी घ्यायची की नाही हे आदल्या दिवशीच विचारा, कारण सलाईन चालू असताना दाब खाली येऊ शकतो आणि बारा तास आधीपासून ती गोळी थांबवायला सांगतात. ताप, अंगावर न भरलेली पू झालेली जखम, खोकला असं काही असेल तर सलाईन लावायच्या आधी सांगा. "एवढ्या लांबून आलोय, आजच लावा" असा हट्ट धरू नका.

सुरुवातीला पॅरासिटामॉल, अॅलर्जीचं इंजेक्शन आणि बहुतेक वेळा स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. अर्ध्या तासाने औषध सुरू होतं, तेही फार हळू. पहिल्या वेळी तासाला ५० मिलिग्रॅमने सुरू करून दर अर्ध्या तासाने ५०-५० ने वाढवत तासाला ४०० पर्यंत नेतात. सगळं नीट चाललं तरी चार-पाच तास जातात, तेव्हा परतीची गाडी संध्याकाळची ठेवा.

पहिल्या तास-दोन तासांत थंडी वाजणं, कणकण, घशात खवखव, अंगावर गांध्या उठणं असं होऊ शकतं. सासूबाईंना पहिल्या वेळी हुडहुडी भरली. सिस्टरनी सलाईनचं चाक फिरवून थांबवलं, दुसरं इंजेक्शन दिलं, पांघरूण घातलं, आणि अर्ध्या-पाऊण तासाने निम्म्या वेगाने पुन्हा सुरू केलं. उरलेलं सगळं शांतपणे गेलं आणि दुसऱ्या डोसला काहीच झालं नाही. असं बहुतेकांच्या बाबतीत होतं, जास्त त्रास पहिल्या वेळीच असतो. पण छाती भरून आली, श्वास लागला, ओठ सुजले, चक्कर आली तर क्षणभरही वाट न पाहता हाक मारायची. सोबतच्या माणसाचं त्या दिवशीचं काम एवढंच: रुग्णाच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवायचं. आणि सलाईन लवकर संपावं म्हणून कुणीही त्या चाकाला हात लावायचा नाही.

नंतरचे महिने

इथे मी सगळ्यात जास्त आग्रहाने सांगेन: स्टेरॉइडची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल या नावांनी मिळणारी ही प्रेडनिसोलोनची गोळी. फोड बसले, तोंड भरलं, चेहरा सुजल्यासारखा दिसतो म्हणून बायका ती सोडून देतात. शरीर स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड बनवणं थांबवून बसलेलं असतं. अचानक बंद केली तर दाब खाली जाऊन माणूस कोसळू शकतो, आणि आजारही उसळतो. डॉक्टर पायरीपायरीने, साधारण तीन ते सहा महिन्यांत डोस उतरवत नेतात. कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात किती मिलिग्रॅम ते लिहा आणि गोळी घेतली की खूण करा. निरक्षर आजीलाही हे जमतं. गोळी नाश्त्यानंतर घ्यायची. सोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व दिलेलं असेल तर तेही चुकवायचं नाही. साखर आणि दाब ठरलेल्या दिवशी तपासायचा. पूर्वी साखर नसलेल्यांचीही ती वाढते.

पहिले काही महिने गर्दी टाळा. गड्ड्याची जत्रा, आषाढीची पंढरी, लग्नाचे मांडव हे सगळं पुढच्या वर्षी करता येईल. उघड्या जखमांनी चंद्रभागेत स्नान तर अजिबात नको. गावातल्या भोंदू इंजेक्शनवाल्याकडून "ताकदीचं" काही टोचून घेऊ नका.

तोंडात जखमा असताना खाणं हा रोजचा छळ असतो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी हे सोलापूरचं वैभव, पण या दिवसांत नाही. कडक भाकरीची कड टाळूला लागली की रक्त येतं आणि चटणीचं तिखट आग लावतं. ज्वारी सोडायची गरज नाही. ज्वारीची पातळ आंबील ताकात घालून, कण्या मऊ शिजवून, मुगाचं बिनतिखटाचं वरण आणि गुरगुट्या भात, उकडून कुस्करलेलं अंडं, पिकलेलं केळं हे जातं. कोमट किंवा गार करून द्या. साखर वाढलेली असेल तर गोड खिरी नकोत. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून नुसत्या पेजेवर ठेवू नका. जेवणाच्या दहा मिनिटं आधी डॉक्टरांनी दिलेलं बधिर करणारं जेल लावलं तर चार घास जास्त जातात. दात लहान मुलांच्या मऊ ब्रशने घासा. मिश्री, तंबाखू बंद. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसला तर ती बुरशी असते. त्याला वेगळं औषध आहे, खरवडू नका.

अंगावरच्या जखमांसाठी कपडा मऊ हवा. घरात सोलापुरी चादरी कितीही असल्या तरी या काळात जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं किंवा धोतर अंथरा. जखमा चिकटत असतील तर स्वच्छ धुऊन पुसलेलं केळीचं पान खाली घालण्याची पद्धत आपल्याकडच्या स्किन वॉर्डांत जुनी आहे आणि ती खरोखर उपयोगी आहे. कातडी पानाला चिकटत नाही आणि उठताना पापुद्रा ओढला जात नाही. आपल्या जिल्ह्यात करमाळ्याकडे केळीच केळी, पानाला तोटा नाही. मोठा फोड ताणून दुखत असेल तर सिस्टरकडून निर्जंतुक सुईने खालच्या बाजूने पाणी काढून घ्या आणि वरची कातडी तशीच राहू द्या, तीच पट्टीचं काम करते. हळद, गेरू, राख, टूथपेस्ट काहीही नको. दुपारच्या उन्हात फिरू नका, ऊन लागून फोड वाढू शकतात.

केव्हा लगेच जायचं

१००.४ च्या वर ताप किंवा थंडी वाजून ताप, जखमेतून पू किंवा घाण वास, डोळे लाल होऊन चिकटणं, पाणीही न गिळता येणं, धाप लागणं, डोळे-लघवी पिवळी होणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या ओपीडीची वाट बघायची नाही, रात्री असेल तर रात्री जायचं. फार क्वचित या औषधाने मेंदूचा एक गंभीर संसर्ग होतो. बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, नजर किंवा वागणं अचानक बदलणं ही त्याची चिन्हं. अपघात विभागात गेल्यावर पहिलं वाक्य हेच असू द्या: "यांना रिटुक्सिमॅब दिलेलं आहे, अमुक तारखेला." समोरच्या डॉक्टरला फोड दिसतात, औषध दिसत नाही. म्हणून औषधाचं नाव, तारीख, डोस आणि सध्याची स्टेरॉइडची गोळी एका चिठ्ठीवर लिहून रुग्णाच्या पाकिटात किंवा बटव्यात कायम ठेवा.

आजार उलटला तर

सहा ते बारा महिन्यांत बी पेशी पुन्हा तयार होऊ लागतात आणि काहींना आजार परत डोकावतो. एखादा फोड येऊन आठवड्यात सुकला तर घाबरायचं कारण नाही. महिन्याभरात तीन किंवा जास्त नवे फोड आले आणि ते आठवड्यात आपोआप भरले नाहीत, किंवा जुनी जखम पसरू लागली, तर डॉक्टर त्याला आजार उलटणं म्हणतात. म्हणून नवा फोड दिसला की तारीख घालून मोबाईलवर फोटो काढा. डॉक्टरांना "बरेच आले होते" असं सांगण्यापेक्षा ते फोटो जास्त सांगतात.

काही डॉक्टर आजार शांत असतानाही बाराव्या महिन्याला आणि पुढे दर सहा महिन्यांनी ५०० मिलिग्रॅमचा छोटा डोस देतात. तो तुम्हाला लागेल का, हे आजार किती तीव्र होता, अँटिबॉडीचा आकडा किती उतरला आणि मधे संसर्ग किती झाले यावरून ठरतं. पहिल्या वर्षाची शेवटची भेट ठरवताना हा प्रश्न विचारा, म्हणजे लागलाच तर पैशांची, योजनेच्या कागदांची आणि हिपॅटायटिसच्या तपासणीची तयारी करायला दोन महिने हातात राहतात.